फर्ज एक, कुवत वेगळी

दहावीचा निकाल लागला की आमच्या मोहल्ल्यात एकच सवाल फिरतो, 'कितने आए?' मुलाला काय येतं, म्हणजे 'क्या आता है?', हे मात्र कोणी विचारत नाही. दोन्ही सवालांत क्रियापद तेच आहे. पहिल्यात गुण येतात, दुसऱ्यात इल्म. या दोन्हींमधलं अंतर किती मोठं असू शकतं, हे मी उर्दू माध्यमाच्या एका हायस्कुलात मराठी शिकवताना वीस-बावीस वर्षं पाहिलं. घर अमरावतीला, नागपुरी गेटच्या बाजूला. नोकरी अकोला जिल्ह्यात. शनिवारी दुपारी अकोल्याहून एसटी पकडायची, मूर्तिजापूर, बडनेरा करत घरी यायचं आणि सोमवारी पहाटे परत निघायचं. मधल्या काही वर्षांत दहावीच्या मराठीच्या उत्तरपत्रिकाही तपासल्या. म्हणजे पेपर लिहिणारी मुलं पाहिली, आणि मुलं न पाहता त्यांचे पेपरही पाहिले. सगळ्यांना एकच पेपर, एकच वेळ आणि एकच मोजमाप, हा न्याय आहे की अन्याय? दोन्ही बाजूंनी पाहून जे समजलं ते इथे मांडतो.

आधी या परीक्षेच्या बाजूने बोलतो, कारण हल्ली परीक्षेला नावं ठेवणं फार सोपं झालं आहे. अमरावती विभागीय मंडळात अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशीम हे पाच जिल्हे येतात. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा परीक्षकासमोर येतो तेव्हा त्यावर मुलाचं नाव नसतं. हा पेपर अकोल्याच्या बैदपुऱ्यातल्या मुलीचा की अमरावतीच्या राजापेठेतल्या डॉक्टरच्या मुलाचा, हे त्याला कळत नाही. भाड्याने खोली शोधायला गेलं की आपल्याला आधी नाव विचारलं जातं, हा अनुभव वाचकांपैकी अनेकांना असेल. गणिताचा पेपर नाव विचारत नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या बापाचं पंक्चरचं दुकान होतं. केवळ गुणांच्या जोरावर तो सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात गेला. तिथे ओळख लागली असती, शिफारस लागली असती, तर तो कुठे राहिला असता कोण जाणे. सहा ते चौदा वयाची पंचवीस टक्के मुस्लिम मुलं एकतर शाळेत गेलीच नव्हती किंवा मधेच गळाली होती, असं सच्चर समितीने २००६ साली सांगितलं. अशा समाजाला 'सामाईक परीक्षा नकोच' म्हणणं परवडणारं नाही.

पण जी परीक्षा नाव विचारत नाही ती मुलाचं बाकीही काही विचारत नाही. तो कोणत्या घरातून आला, कोणती भाषा बोलत आला, डोळ्याला अक्षर कसं दिसतं, कानाला आवाज किती पोचतो, यातलं काहीच तिच्या कागदावर येत नाही. न्यायाची बाजू जिथे संपते तिथूनच अडचण सुरू होते.

माझ्या विषयापुरतंच सांगतो. माझ्या वर्गातल्या मुलाच्या घरात वऱ्हाडी वळणाची उर्दू, बाजारात वऱ्हाडी, पुस्तकात किताबी उर्दू आणि दहावीला समोर 'अक्षरभारती'ची प्रमाण मराठी. शिवाय इंग्रजी. उर्दूत ळ नाही, ण नाही. म्हणून पाण्याचं 'पानी' होतं आणि शाळेची 'शाला'. उर्दूत लिंगं दोनच, त्यामुळे नपुंसकलिंग त्याला समजावून सांगता सांगता गुरुजींचा घाम निघतो. किताब स्त्रीलिंगी, म्हणून तो 'माझी पुस्तक' लिहितो. उर्दूचा मजकूर उजवीकडून डावीकडे, त्यातले आकडे डावीकडून उजवीकडे, आणि मराठी-इंग्रजी पुन्हा डावीकडून. उर्दूत जेर, जबर, पेश बहुधा लिहीत नाहीत, वाचणाऱ्याने ओळखायचे असतात. देवनागरीत प्रत्येक मात्रा लिहावी लागते. मग ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ होणारच.

गंमत अशी की शेजारच्या मराठी शाळेतला कास्तकाराचा पोरगाही 'पानी'च म्हणतो. वऱ्हाडीत डोळ्याचा 'डोया' होतो, 'मला'चं 'मले' होतं. अकोल्याच्या विठ्ठल वाघांनी वऱ्हाडीला कवितेत मान मिळवून दिला, तिला टाळ्या पडल्या. तीच वऱ्हाडी दहावीच्या पेपरात आली की तिच्याखाली लाल रेघ पडते. रमजानी आणि दिवाळी वेगवेगळी करणाऱ्या या दोन पोरांच्या चुका एकाच मातीतून आलेल्या असतात आणि अर्धा-अर्धा गुण दोघांचाही कापला जातो.

याचा अर्थ प्रमाण मराठी शिकवू नये, असा मुळीच नाही. मी स्वतः तिच्यात लिहितो. तहसिलीत अर्ज करायचा, स्पर्धा परीक्षा द्यायची, कोर्टाचा कागद वाचायचा तर ती यायलाच हवी, आणि आपल्या मुलांना ती यावी यासाठी मी आयुष्य घातलं. माझं म्हणणं एवढंच की एका लेखी पेपरात 'भाषा येते' आणि 'भाषा लिहिता येते' यांतला फरक दिसत नाही.

हा फरक २०१९ साली आकड्यांत दिसला. तोवर भाषांना ८० गुणांचा लेखी पेपर आणि २० गुण तोंडी व अंतर्गत मूल्यमापनाचे अशी विभागणी होती. त्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण काढून टाकले आणि सगळे गुण लेखीवर गेले. २०१८ मध्ये राज्याचा दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता. २०१९ मध्ये तो ७७.१० टक्क्यांवर आला. पुढच्या वर्षी २० गुण परत आले आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. अभ्यासक्रम २०१९ ला नवा होता आणि २०२० मध्ये टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपर रद्द झाला होता, हेही हिशेबात धरायला हवं. २०२१ मध्ये तर कोविडमुळे परीक्षाच झाली नाही. नववीचे आणि अंतर्गत मूल्यमापनाचे गुण धरून निकाल लावला, तो ९९.९५ टक्के. या चार वर्षांत महाराष्ट्रातली मुलं एकदा ढ आणि एकदा हुशार झाली नाहीत. मोजपट्टी बदलत गेली.

तोंडीचे गुण शाळा खिरापतीसारखे वाटतात, हा तेव्हाचा आक्षेप होता. तो खोटा नव्हता; वीसपैकी वीस कसे पडतात ते शिक्षकांच्या खोलीत बसणाऱ्या सगळ्यांना ठाऊक असतं. पण वजन मारणारा तराजू दुरुस्त करतात, बाजारातून तराजूच काढून टाकत नाहीत. तोंडी परीक्षेला बाहेरचा परीक्षक आणता आला असता.

त्या ७७ टक्क्यांच्या बाहेर राहिलेल्यांत माझी एक विद्यार्थिनी होती. तिचा बाप फळांचा ठेला लावायचा आणि सुट्टीच्या दिवशी ती ठेल्यावर बसायची. पावणेदोन किलो चिकू, दीड डझन केळी, दोनशेची नोट. परत किती द्यायचे हे गिऱ्हाईक पिशवी उघडेपर्यंत तिचं सांगून व्हायचं. मराठी अशी बोलायची की तिचं नाव ऐकून गिऱ्हाईक चकित व्हायचं. वर्गात मी धडा वाचून दाखवला की दोन दिवसांनी ती तो सगळा सांगायची. पण पुस्तक हातात दिलं की बोट ओळीवर अडून राहायचं, अक्षरं जागा सोडायची. 'सर, मले समजते, पण लिहाले येत नाही,' असं ती म्हणायची. तिला मराठीत १०० पैकी २९ पडले. आदल्या वर्षीच्या पद्धतीने हेच लेखी ८० पैकी २३ झाले असते, आणि तोंडीत १५ तर तिला कोणीही दिले असते. २३ आणि १५ मिळून ३८, म्हणजे पास. जुलैत फेरपरीक्षा होती, २०१५ पासून ती सोय आहे. पण घरात एकदा 'फेल हो गई' म्हटलं गेलं की फॉर्मचे पैसे कोणी काढत नाही. तोंडीचे २० गुण परत आले तोवर तिचं लग्न ठरलं होतं.

ती आठवीत असताना मी तिच्या अम्मीला शाळेत बोलावलं होतं. मुलगी हुशार आहे, पण वाचण्या-लिहिण्यात काही तरी अडतं. डॉक्टरांकडून तपासून घ्या, दाखला मिळाला तर परीक्षेत सवलत मिळेल, असं सांगितलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग पदर सारखा करत म्हणाल्या, 'सर, मेरी बेटी पागल नै है. कागद पे लिख के आ गया तो रिश्ता कौन लाएगा?' मी पुढे काय बोलणार? जगाबद्दलचा त्यांचा अंदाज चुकीचा नव्हता. शिवाय तपासणी म्हणजे मोठ्या गावचा दवाखाना, दोन-चार फेऱ्या, तितक्या दिवसांची ठेल्याची कमाई बुडणार. एका कागदासाठी एवढं कोण करतं?

पण त्या कागदात बरंच काही आहे, आणि ते आपल्या मोहल्ल्यांत माहीतच नाही, म्हणून सांगतो. वाचन, लेखन किंवा गणित यांपुरती अडचण असणाऱ्या मुलांना महाराष्ट्रात १९९० च्या दशकापासून परीक्षेत सवलती मिळत आल्या आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि 'विशिष्ट अध्ययन अक्षमता' हा त्यांतला एक आहे. दाखला असेल तर दर तासाला २० मिनिटं जादा वेळ मिळतो, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. लेखनिक घेता येतो. ज्याचं गणितच अडतं त्याला साधा कॅल्क्युलेटर वापरता येतो. परीक्षा केंद्रांवर मी पाहिलं की या सवलती घेणारी मुलं बहुधा शहरातल्या इंग्रजी शाळांची असत. त्यांच्या पालकांना नियम ठाऊक असतात. २००७ साली 'तारे जमीं पर' आपणही पाहिला, डोळे पुसले आणि घरी आल्यावर स्वतःच्या पोराला 'लिखता क्यूं नै बे?' म्हणून चापट मारली.

उर्दू शाळेतल्या मुलाची आणखी एक अडचण आहे. अशी तपासणी मुलाच्या शिकण्याच्या भाषेत व्हावी लागते, नाहीतर भाषा नवी म्हणून अडतं की अक्षरच ओळखू येत नाही, हे कसं कळणार? मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ साली भारतीय भाषांसाठी 'डाली' नावाची चाचणी काढली. सुरुवातीला ती हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी या चार भाषांत होती. पहिल्या यादीत उर्दू नव्हती. आपणही ती कधी मागितली नाही. आपल्या संस्था जागा, तुकड्या आणि अनुदान मागतात. ते मागायलाच हवं. पण उर्दूतली तपासणी मागणारं निवेदन माझ्या तरी पाहण्यात आलं नाही.

'पागल' हा त्या अम्मीचा शब्द आणि चाचणी यांचा संबंध कसा जुळला, याचा इतिहासही आहे. १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी बुद्धीची पहिली चाचणी तयार केली ती कोणत्या मुलाला जादा मदत लागते हे ओळखण्यासाठी. त्या आकड्याने मुलाच्या बुद्धीवर कायमचा शिक्का मारावा, हे बिनेंना मान्य नव्हतं. पुढे अमेरिकेत तिचा वापर नेमका शिक्के मारण्यासाठी झाला. आपल्याकडे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात ती मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतली. 'बिने-कामत' या नावाने ती आजही दवाखान्यांत वापरतात. तीच चाचणी मदतीसाठीही वापरता येते आणि शिक्क्यासाठीही. ताप मोजायचा तो औषध देण्यासाठी. तापाचा आकडा पाहून रोग्याला घराबाहेर काढलं तर दोष थर्मामीटरचा नाही, घरच्यांचा आहे.

सवलतीबद्दल बोललं की आपल्याकडे लगेच एक आक्षेप येतो, 'मग बाकीच्या मुलांवर अन्याय नाही का?' याचं उत्तर शोधायला मला लांब जावं लागलं नाही. आपल्या मशिदीत मागच्या सफमध्ये ठेवलेल्या खुर्च्या पाहा. गुडघ्याने अधू झालेले बुजुर्ग त्यांवर बसून नमाज पढतात. ज्याला उभं राहवत नाही तो बसून पढतो, ज्याला बसवत नाही तो पडल्या पडल्या इशाऱ्याने पढतो. मुसाफिराच्या चार रकाती दोन होतात. आजारी माणूस रमजानचे रोजे नंतर पुरे करतो, अगदी थकलेला म्हातारा फिदया देतो. फर्ज कोणालाच माफ नाही, पण ती अदा करण्याची तऱ्हा ज्याच्या त्याच्या कुवतीवर सोडलेली आहे. खुर्चीवर बसलेल्या चाचांना 'तुमची नमाज सोपी झाली' असं म्हणणारा माणूस मी अजून पाहिला नाही. इबादतीत जो इन्साफ आपल्याला इतका सहज समजतो, तो परीक्षेच्या हॉलमध्ये शिरताच मेहरबानी कसा वाटू लागतो? जादा वेळ घेणाऱ्या मुलीला प्रश्न तेच असतात, उत्तर तिलाच द्यायचं असतं. तिला खुर्ची दिली आहे, नमाज माफ केलेली नाही.

आपल्याच अमरावती जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. अचलपूर तालुक्यातल्या वझ्झर इथे शंकरबाबा पापळकर यांनी बेवारस दिव्यांग मुलांचं बालगृह चालवलं. २०२४ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्याच वर्षी त्यांच्या बालगृहात वाढलेली एक अंध मुलगी राज्य लोकसेवा आयोगाची लिपिक-टंकलेखकाची परीक्षा उत्तीर्ण झाली. कचराकुंडीत टाकलेली सापडलेली ही मुलगी ब्रेलवर शिकली, अमरावतीच्या कॉलेजात गेली, लेखनिक घेऊन पेपर दिले. हजारो मुलं देतात तीच ही परीक्षा. लेखनिक मिळाला नसता तर हीच परीक्षा तिला शून्य देऊन मोकळी झाली असती, आणि कागदोपत्री ते अगदी नियमाला धरून झालं असतं.

आता हा प्रश्न दहावीच्याही आधी आला आहे. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि आठवीपर्यंत कोणाला नापास करायचं नाही, असं ठरलं. त्यात चांगला हेतू होता, पण नववीत माझ्यासमोर येणारी काही मुलं जोडाक्षरावर थांबत, हेही खरं आहे. आकारिक आणि संकलित मूल्यमापनाचे तक्ते भरलेले असत, मूल मात्र कोरं. २०१९ मध्ये केंद्राने कायदा बदलून राज्यांना मोकळीक दिली. महाराष्ट्राने २०२३ मध्ये नियम बदलले आणि २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली. नापास झाल्यास दोन महिन्यांत पुन्हा परीक्षा, त्यातही नापास झाल्यास त्याच वर्गात.

हा नियम ऐकायला बरोबर वाटतो. पण आठवीत नापास झालेला आपला मुलगा बहुधा पुन्हा आठवीत बसत नाही. तो गॅरेजला जातो, नाहीतर वेल्डिंगच्या दुकानात. आणि तेरा-चौदा वर्षांच्या नापास मुलीचं काय होतं ते आपण सगळे जाणतो. म्हणून त्या दोन महिन्यांत काय होतं यावर सगळं अवलंबून आहे. त्या काळात कोणी मुलाजवळ बसून त्याचं नेमकं कुठे अडतं हे शोधलं आणि शिकवलं, तर ही परीक्षा बिनेंच्या मूळ हेतूची होईल. नुसता तोच पेपर पुन्हा दिला तर तो दुसरा शिक्का ठरेल. 'प्रथम' संस्थेची माणसं २००५ पासून 'असर'साठी घरोघर जातात, एकेका मुलाजवळ बसून त्याला चार ओळी वाचायला देतात. कोणालाही नापास न करता मूल कुठवर पोचलं ते त्यांना कळतं. आपल्या मोहल्ल्यात सुट्टीत बसणारी दोन शिकलेली मुलं-मुलीही हे करू शकतात. त्याला इमारत लागत नाही, अनुदान लागत नाही.

मंडळाने काय करावं, शासनाने काय करावं, हे मी वर लिहिलं आहे: तोंडी परीक्षा टिकवावी आणि ती खरी घ्यावी, उर्दू मुलाची तपासणी उर्दूत व्हावी, जिल्ह्याच्या ठिकाणी दाखला सहज मिळावा. हे मागत राहायचं. पण काही गोष्टी आपल्या हातात आहेत. जुम्याच्या नमाजनंतर शिष्यवृत्तीच्या फॉर्मची तारीख आपण जाहीर करतो, तशीच सवलतींची माहितीही देता येईल. इमामसाहेबांनी एकदा खुर्चीचा दाखला देऊन हे समजावलं, तर आमच्या शिक्षकांच्या दहा पालकसभांपेक्षा जास्त काम होईल. आणि ज्या घरी सून पाहायला जाल तिथे मुलीकडे असा कागद निघाला, तर तो आजाराचा नाही, तिच्या हक्काचा आहे, एवढं लक्षात ठेवलं तरी त्या अम्मीची भीती कमी होईल.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. दहावीचे फॉर्म साधारण दिवाळीच्या सुमारास भरले जातात आणि सवलतीची कागदपत्रं वेळेत शाळेतून जावी लागतात. तपासणी, फेऱ्या, दाखला यांत महिने जातात. दहावीत जाग आली तर फार उशीर झालेला असतो. आपल्या घरात, शेजारी, वर्गात बोलायला तरबेज आणि लिहायला अडणारं मूल असेल, तर ते सहावी-सातवीत असतानाच हेडमास्तरांना भेटा.